झेनमधली मोहरी

आमच्या लग्नाची पहिली पंचवीसेक वर्षं मी नवऱ्याला 'अहो' म्हणून हाक मारली. मग सोडून दिलं, कारण 'अहो' फार मऊ शब्द आहे. स्वयंपाकघरातून निघतो आणि हॉलपर्यंत जाईतो विरतो. 'राजेंद्र' हे नाव त्या मानाने दणकट. पोटातून ओढून काढलं की पोचतं. खालच्या मजल्यावरच्या मालतीबेनना वाटायचं, महाराष्ट्रातल्या बायका फार पुढारलेल्या, नवऱ्याला नावाने बोलावतात. पुढारलेपण कसलं डोंबलाचं. नवऱ्याला ऐकू येत नव्हतं आणि ते कबूल करायची त्यांची तयारी नव्हती, एवढीच गोष्ट होती.

आम्ही दोघंही मूळचे नाशिकचे. सिल्वासाला आलो ते राजेंद्रांच्या नोकरीपायी, दोन वर्षांसाठी म्हणून, आणि इथलेच झालो. इथे येणारा प्रत्येक जण दोन वर्षांसाठीच येतो. पॉलिस्टर धाग्याच्या एका कंपनीत ते मेंटेनन्स बघायचे. सरळ, गुळगुळीत धागा तिथे तापवतात, पिळतात, हवेचा झोत मारून फुगवतात, तेव्हा कुठे त्याची साडी नाहीतर पडदा होतो. हॉलमध्ये लांबच लांब मशीनं, आणि त्यांचा आवाज असा की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी आपल्याला फक्त त्याचे दात दिसतात. दसऱ्याच्या मशीनपूजेला मी एकदा गेले होते. पूजेपुरती मशीनं बंद होती, तरी जमलेले सगळे एकमेकांशी ओरडूनच बोलत होते. सवय, दुसरं काय.

कानात घालायला बोळे मिळायचे. ते सगळ्यांच्या खिशात असायचे. घामाने कान खाजतो म्हणून साहेब घालत नसत, आणि साहेब घालत नाहीत म्हणून कामगार घालत नसत.

त्यामुळे हॉलची भाषा हाताची. बोटांची कात्री केली की धागा तुटला. गळ्याशी टायची गाठ आवळल्यासारखं केलं की मॅनेजर येतोय. एक बोट वर केलं की मिनिटभर थांब. आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली की मशीन बंद, आत्ताच्या आत्ता, कारण नंतर विचार. ही शेवटची खूण दिसली की काल कामाला लागलेला माणूससुद्धा आधी बटण दाबतो आणि मग वळून बघतो. राजेंद्र ही भाषा घरी घेऊन आले. जेवताना मीठ हवं असलं तर हवेत चिमूट. आमची मुलगी शर्वरी लहानपणीच ही सगळी लिपी शिकली. तिचा परीक्षेत फार उपयोग व्हायचा, हे तिने मला नोकरी लागल्यावर सांगितलं.

माणूस मात्र अतिशय बोलका. आमच्या इथल्या मराठी मंडळात गणपतीचे दहा दिवस राजेंद्रांभोवती कोंडाळं असायचं. साधं पंक्चर कसं काढलं हे सांगायला घेतलं तरी त्याला चार फाटे फुटणार आणि लोक ताटात वाढलेलं विसरणार. हाच माणूस हळूहळू कोपऱ्यात बसायला लागला. सगळे हसले की हसायचा, पण जरा उशिरा. कुणी एक विचारलं की भलतंच उत्तर द्यायचा, मग लोक एकमेकांकडे बघायचे. पुढे मंडळात जाणंच थांबलं. विचारलं की म्हणायचे, "गर्दीत दम कोंडतो."

मी डॉक्टरचं नाव काढलं की चिडत. "मला सगळं ऐकू येतं. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात." ते अगदीच खोटं नव्हतं. जाड, भरीव आवाज त्यांना व्यवस्थित यायचे. वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेलो तर डरकाळी सगळ्यांच्या आधी त्यांना कळली. गेलं होतं ते बारीक आणि उंच सगळं. कुकरची शिट्टी, चिमणी, दारावरची बेल आणि बायकांचे आवाज. "कानात मशीन घातलं की माणूस म्हातारा झाला," असं त्यांचं म्हणणं. सगळं आयुष्य मशीनं सांभाळण्यात गेलेल्या माणसाला शेंगदाण्याएवढ्या मशीनची लाज वाटावी, ह्याला काय म्हणायचं?

बायकांच्या आवाजात लेकीचाही आवाज आला. शर्वरी बंगळुरूला असते, रविवारी संध्याकाळी फोन करते. राजेंद्र उचलायचे, "कशी आहेस? बरं, बरं. घे, आईशी बोल," म्हणायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे. आधी मला वाटायचं, बापलेकींचं बोलणं संपलं. मग लक्षात आलं, ते सुरूच होत नाही.

सगळं असं चाललेलं असताना राजेंद्र निवृत्त झाले आणि त्यांची नजर झेनवर पडली.

झेन म्हणजे आमची पहिली गाडी. शर्वरी हिच्यावरच चालवायला शिकली. नवी गाडी आल्यापासून ती टोकरखाड्यातल्या आमच्या सोसायटीत आच्छादनाखाली पडून होती. मी म्हणत होते भंगारात द्या. पण दिवाळीत माझ्या बहिणीचा मुलगा वरुण आला. तो पुण्यात गाड्यांच्या इंजिनांचे संगणक जुळवून द्यायचं काम करतो. त्याने आच्छादन उचललं, बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "काका, हिला टर्बो लावू या."

झालं. गणपतीतला माणूस परत आला. दोघं फराळाची ताटं घेऊन पार्किंगमध्येच बसले. राजेंद्रांनी नोकरीभर कॉम्प्रेसर सांभाळले, त्यामुळे जगात जे काही चालतं ते हवेच्या दाबावर चालतं अशी त्यांची ठाम समजूत. टर्बो म्हणजे त्यांच्या मनातलीच गोष्ट. सायलेन्सरमधून जो गरम वायू फुकट जातो, त्याच्या जोरावर एक चक्र फिरवायचं. त्याला जोडलेलं दुसरं चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. हवा जास्त, तिच्या हिशेबाने पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. मला हे इतक्यांदा ऐकवलं गेलं की आता मीही शिकवू शकेन.

वरुणने तेव्हाच बजावलं होतं. "इंजिन आतून कंपनीचंच राहणार आहे काका. पिस्टन साधे, ते हवेच्या एवढ्या माऱ्यासाठी केलेले नाहीत. दाब बेताचाच ठेवायचा. आणि कान उघडे ठेवायचे. दाब वाढला की पेट्रोल वेळेआधी पेटतं, आतून बारीक तडतड येते. ती आली की पाय काढायचा. नाही काढला तर पिस्टन फुटला समजा."

"कान उघडे ठेवायचे," राजेंद्रांनी मान डोलावली. त्यांनी ते वरुणच्या ओठांवरून वाचलं होतं. मी समोरच बसले होते, मला कळलं.

टर्बोची पेटी कोइमतूरहून आली. अशी गाडी रस्त्यावर आणणं कायद्यात बसत नाही हे राजेंद्रांना पक्कं माहीत, म्हणून त्यांनी गोकुळला गाठलं. गोकुळ त्यांच्याच खात्यातला फिटर, चोपड्याकडचा, अजून नोकरीत आहे. खेरडीला भाड्याने राहतो. त्याच्या घरमालकाची तिथे बंद पडलेली दगडखाण आहे. खाणीत उतरणारा, वळणाचा खडा रस्ता आहे, शेजारी पत्र्याची शेड आहे आणि कुणाची ये-जा नाही. टर्बो बसवायच्या आधीच झेन टोचन लावून तिकडे नेली. घरमालकाने एकच अट घातली, चालू झाली की पहिली फेरी त्याला मारायला द्यायची.

पुढचे दोन महिने राजेंद्र रोज डबा घेऊन खेरडीला. गोकुळची पाळी सकाळची असली की दुपारनंतर तोही. पुण्याहून वरुण येऊन इंजिनाच्या संगणकाचं काम करून गेला. जाताना सगळ्या नळ्या धातूच्या पट्ट्यांनी नीट बांधून गेला. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे.

आणि गाडी चालू झाली. खरं सांगते, मीही खूश झाले. पूर्वी एसी लावला की रडणारी गाडी खाणीचा चढ हुंकार देत चढायची. राजेंद्र मला बाजूला बसवत. "तू बस. वजन हवं बाजूला, म्हणजे खरी परीक्षा होते." बायकोच्या वजनाचा असा सन्मान कोणत्याही नवऱ्याने केला नसेल. पण दोनतीन फेऱ्यांनंतर माझ्या ध्यानात आलं की हा माणूस समोरच्या मीटरकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघतोय. एकदा चढावर मला खरंच काहीतरी ऐकू आलं, तापल्या तेलात मोहरी पडल्यावर पहिले चार दाणे तडतडतात तसं. माझ्या कपाळाला आठी पडली आणि त्याच क्षणी राजेंद्रांनी पाय काढला.

"काय गं?" म्हणाले.

"मोहरी तडतडली."

त्यांनी वरुणला फोन लावून माझ्या हातात दिला. त्याने लॅपटॉपवर काहीतरी बदल करून पाठवलं, तडतड गेली. माझी नोकरी मात्र पक्की झाली. मी राजेंद्रांच्या झेनचे कान झाले. ते कधी तसं म्हणाले नाहीत, मीही म्हटलं नाही. लग्न इतकं जुनं झालं की अशा पुष्कळ गोष्टी न बोलता चालतात. पण मनात यायचं, गाडीसाठी माझे कान चालतात, मग लेकीसाठी स्वतःचे का नाही?

माघातल्या एका सोमवारची गोष्ट. आदल्या दिवशी रविवार होता. शर्वरीने फोन केला, राजेंद्रांनी नेहमीसारखा माझ्याकडे दिला आणि बाल्कनीत गेले. तिने आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाली, "आई, बाबा रागावलेत का माझ्यावर? मी बंगळुरूला आले ते त्यांना आवडलं नाही का? ते माझ्याशी बोलतच नाहीत गं. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं ती हे मनात घेऊन बसली होती. मी तिला काय सांगणार? सांगितलं असतं, पण त्यांनी मला शपथ घातली होती, पोरीला उगाच काही सांगून घाबरवायचं नाही. फोन ठेवला आणि मी बाल्कनीत जाऊन सगळं त्यांना ऐकवलं, तोंडासमोर उभी राहून, एकेक शब्द. त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "तिला सांग, मला हल्ली जरा थकवा असतो."

माझं डोकं फिरलं. "थकवा असतो? खेरडीला रोज जाता ते काय विश्रांतीला? उद्यापासून मी तुमच्या गाडीत बसणार नाही. ज्यांना लेकीचं ऐकायचं नाही त्यांच्या इंजिनाचं मी का ऐकू?"

सोमवारी गोकुळची सुट्टी होती. मी खाणीवर गेले, कारण डबा आणि चहाचा थर्मास मी नेणार असं ठरलं होतं आणि मी भांडणात जेवणखाण आणत नाही. पण गाडीत बसले नाही. वरच्या वळणापाशी एका दगडावर पाठ करून बसले. माझ्या जागी गोकुळ बसला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सिल्वासात दोरी विकत घेणारा माणूस मी पाहिलेला नाही. कंपन्यांतून वाया गेलेला धागा निघतो, त्याची पेंडकी घरोघरी असतात. कपडे वाळत घालायला तोच, मोगऱ्याचा गजरा ओवायला तोच, टेम्पोवर सामान बांधायला आणि गणपतीचं मखर उभं करायलाही तोच. तीन पदर घेतले की माणूस लटकला तरी तुटत नाही. गोकुळने आदल्या दिवशी साफसफाई करताना वरुणची एक धातूची पट्टी काढली होती, ती मोडली. म्हणून एक बोटाएवढी रबरी नळी त्याने सवयीने खिशातल्या धाग्याने बांधून ठेवली, टर्बोच्या अगदी वर. राजेंद्रांनी गाठ ओढून बघितली आणि पक्की आहे म्हणून सांगितलं. ती नळी दिसायला क्षुल्लक, पण काम मोठं. दाब फार वाढला की तिच्याच इशाऱ्यावर एक झडप उघडते आणि जादा वायू बाजूने निघून जातो.

आणि धागा पॉलिस्टरचा. तो कितीवर वितळतो हे ह्या दोघांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. दोघांनी आयुष्यभर दुसरं केलं काय?

पहिल्या दोन फेऱ्या ठीक झाल्या. तिसऱ्या फेरीला गाडी खाणीतून निघाली तेव्हा मी थर्मासचं झाकण फिरवत होते. आवाज आला. या वेळी चार दाणे नव्हते, वाटीभर मोहरी एकदम कढईत ओतावी तसा. मी उभी राहिले. गाडी नेहमीपेक्षा भलतीच वेगात वर येत होती, कारण झडप उघडतच नव्हती आणि टर्बो इंजिनात हवा कोंबतच चालला होता. आत दोघं बसलेले, दोघांच्या तोंडावर हे भलंमोठं हसू.

"राजेंद्र!" मी ओरडले. हात हलवले. गोकुळने खिडकीतून हात बाहेर काढून मला टाटा केला. त्याला वाटलं वहिनींचा राग गेला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गोकुळचे कानही त्याच हॉलमध्ये गेलेले. दोन बहिरी माणसं गाडीचा आवाज तपासत होती आणि दोघांनाही ती लोण्यासारखी चालल्याचं ऐकू येत होतं.

मी थर्मास टाकला, रस्त्याच्या कडेला पुढे आले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली.

राजेंद्रांचा पाय तत्क्षणी निघाला. विचार त्यात नव्हताच, हात आणि पायच ते शिकलेले होते. गाडी हिसका देऊन मंदावली आणि माझ्यापासून थोडी अलीकडे थांबली. गोकुळ तर आत बसल्या बसल्या न दिसणारं बटण दाबत होता.

मी खिडकीपाशी गेले. राजेंद्रांनी काच पूर्ण खाली केली आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "काय झालं?"

"मोहरी. सबंध चढभर. आधी गाडी बंद करा."

"बंद नाही करायची. टर्बो तापलाय, एक मिनिट नुसती चालू राहू दे. एकदम बंद केली तर त्यातलं तेल जळतं." हे त्यांचं नेहमीचं. प्रत्येक फेरीनंतर ते असे बसून राहायचे. मग त्यांनी गोकुळकडे बघितलं. "तुला काही आलं का रे ऐकू?"

"नही साहेब," गोकुळ म्हणाला. "मले वाटलं, आज तर गाडी मस्त चालून राहिली. एकदम मख्खन."

गाडी जागेवर गुरगुरत होती. राजेंद्र स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे बघत बसले. ते एक मिनिट मला फार मोठं वाटलं.

"मलाही नाही आलं," ते म्हणाले. "काहीच नाही, वर्षा. मला वाटलं छान चाललीये." मग थोडं थांबून, "शर्वरीचंही नाही येत. फोनवर नुसतं सूं सूं वाजतं. कुठे हो म्हणायचं, कुठे नाही म्हणायचं कळत नाही. भलतंच काही बोललो तर तिला वाटेल बाप संपला. म्हणून तुझ्याकडे देतो."

"तिला वाटतं बाप रागावलाय."

"ते बरं वाटलं मला," ते म्हणाले. "रागावलेला बाप निदान धडधाकट असतो." आणि त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली.

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्हींपैकी आधी काय करावं ते सुचेना. गोकुळ समजूतदार माणूस, तो खाली उतरून बॉनेट उघडायला गेला. तिथून ओरडला, "साहेब, इकडे या. आपलाच धागा आहे."

धागा वितळून त्याचा काळा मणी झाला होता. रबरी नळी टर्बोवर लोंबून भोक पडून फाटली होती. दोघं त्या मण्याकडे बघत उभे राहिले. त्यांच्या हॉलमध्ये कुणी असा प्रकार केला असता तर ह्यांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. "गोकुळ," राजेंद्र म्हणाले, "हे कंपनीत कुणाला सांगू नकोस." वरुणने व्हिडिओवर प्लग बघितले, आणखी काय काय उघडायला लावलं आणि सांगितलं की नशीब थोर, आणखी एखादी फेरी झाली असती तर पिस्टन गेला असता. धागा कुणी बांधला हे त्याने विचारलं तेव्हा आवाज नीट येत नसल्याचं दोघांनीही सांगितलं. तेवढ्यापुरतं ते कामाला आलं.

वापीच्या कानाच्या डॉक्टरकडे दोघं बरोबरच गेले. मी सोबत. त्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून दोघांची तपासणी केली. गेलेलं परत येणार नाही, पण राहिलेलं नीट वापरता येईल, असं त्या म्हणाल्या. राजेंद्रांना दोन्ही कानांत मशीनं लागली. गोकुळचं अजून तितकं बिघडलेलं नव्हतं. "हॉलमध्ये बोळे घालत जा, नाहीतर तुम्हीही येणार माझ्याकडे," बाईंनी दम दिला. गोकुळ हल्ली बोळे घालतो. नुसते घालत नाही, आपल्या पाळीतल्या सगळ्यांना घालायला लावतो, आणि कान खाजतो म्हणणाऱ्याला झेनची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत धागा साहेबांनी बांधलेला असतो.

मशीनं लावल्यावर पहिले आठ दिवस घरात नुसता वैताग होता. "ही भांडी इतकी का आपटतेस?" मी आपटत नव्हते, ती तशीच वाजतात. पंखा करकरतो, हा शोध त्यांना लागला. स्वतःची चप्पल वाजते हे त्यांना आवडलं नाही. मालतीबेन जिन्यात भेटल्या, त्यांच्याशी बराच वेळ बोलले आणि वर येऊन म्हणाले, "बाईंचा आवाज किती गोड आहे." म्हटलं, पुरे, मशीनं परत देऊ या.

नव्या नळीला धातूची पट्टी बसली, वरुणने दाब आणखी कमी करून दिला आणि आम्ही पुन्हा खाणीवर गेलो. मी बाजूला बसले. ऊन चढलं होतं, गाडी खालून निघाली, अर्ध्या चढावर आली आणि राजेंद्रांनी पाय काढला. मी अजून कपाळाला आठीसुद्धा घातली नव्हती.

"काय झालं?" मी विचारलं.

"मोहरी," ते म्हणाले. "दोनच दाणे. उन्हामुळे असेल." आणि हसायला लागले. गाडीत बिघाड ऐकून इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हसता हसता डोळे पुसायला लागले. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण माझंही तेच चाललं होतं. माझी नोकरी मात्र गेली.

त्या रविवारी शर्वरीचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. राजेंद्रांनी उचलला. मी सवयीने हात पदराला पुसून पुढे धरला, फोन आता येईल म्हणून. तो आला नाही. पलीकडून शर्वरी ओरडत होती, मला इथे ऐकू येत होतं. आमच्या घरात बोलायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडायचं, ही तिलाही लहानपणापासूनची सवय.

"ओरडू नकोस गं," राजेंद्र म्हणाले. "हळू बोल. ऐकू येतंय मला."

पलीकडे सगळं शांत झालं. राजेंद्र फोन कानाशी धरून उभे होते.

मग ते म्हणाले, "नाक ओढलंस ना आत्ता? ऐकलं मी. रडतेस कशाला? बाबा रागावलेले नाहीत. बाबांचे कान गेले होते. थांब, तुला पहिल्यापासून सांगतो. तुझी झेन आठवते ना?"

आणि बाल्कनीत खुर्ची ओढून त्यांनी गोष्ट सुरू केली. चार फाटे फुटले. कॉम्प्रेसर आला, कोइमतूर आलं, गोकुळचा टाटा आला, धागा कुणी बांधला हे सोडून सगळं आलं. मध्ये मध्ये ते थांबत, तिचं ऐकत आणि बरोबर तिथेच हसत.

चहा कपात ओतून झाला होता. हाक मारायला मी पोटात श्वास ओढला, आणि मग सोडून दिला. नेहमीच्या आवाजात, ओट्यापाशी उभी राहूनच म्हटलं, "अहो, चहा."

राजेंद्रांनी माझ्याकडे वळून बघितलं. बोलणं तोडलं नाही, फक्त एक बोट वर केलं. मिनिटभर थांब.

मी कपावर बशी झाकून ठेवली आणि थांबले.